कापसाची तीन बोटं

हातमोज्यांच्या कारखान्यात कातडं कापायचं काम सोडून पाच वर्षं झाली, तरी कटरबाईंचं नाव कटरबाईच राहिलं. लोकांना नवं नाव शोधायचा कंटाळा असतो. आता त्यांचं काम तपासणीचं. तयार मोजा हातात घालायचा, मूठ वळायची, बोटं ताणायची, शिवण कुठे टोचते का ते बघायचं. डावा मोजा त्या स्वतःच्या हातावर बघत. उजवा मात्र टेबलाला ठोकलेल्या लाकडी हातावर चढवून बघत, कारण त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तिन्ही बोटं प्रेसखाली गेली होती.

कारखाना म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबलचक हॉल. एका टोकाला प्रेस, मधे शिलाईच्या बारा मशिनी, दुसऱ्या टोकाला खिडकीशी बाईंचं टेबल. इथे एक रीत होती. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिने आपला हात पुठ्ठ्यावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या मापावर स्वतःसाठी एक जोड कापून शिवायचा. जिला स्वतःला बसेल असा मोजा करता येत नाही ती गिऱ्हाइकाला काय बसवणार, असं मालकांच्या वडिलांचं म्हणणं होतं. वडील गेले, रीत राहिली. ते पुठ्ठ्याचे हात, खाली तारीख घालून, दाराजवळ खिळ्यांना टांगलेले असत. कटरबाईंचाही होता. एकोणीस वर्षांच्या मुलीचा, पाच बोटांचा.

प्रेसची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण बाईंना ती सांगायला आवडत नसे. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली की लोखंडी साचा खाली येणार, म्हणजे साचा येताना हात आपोआप लांब राहणार. बाईंनी एका बटणात कातड्याची घडी खोचून ठेवली होती. एक हात मोकळा राहायचा आणि दिवसाकाठी तीसेक जोड जास्त निघायचे. ही युक्ती त्यांचीच. इतरजणी त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ही म्हण बाईंनी त्यानंतर स्वतःला किती वेळा ऐकवली असेल, त्याला सुमार नाही.

लोकांना वाटायचं, हात कसा दिसतो त्याची लाज वाटते म्हणून बाई तो झाकतात. तसं नव्हतं. हात दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कसं झालं?’ आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं.

झाकायची सोय वन्संनी केली. वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद. त्याच कारखान्यात शिलाईला, त्याच घरात राहायला. अशी माणसं आवडोत न आवडोत, त्यांना चुकवायला जागा नसते. बाई दवाखान्यातून घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संनी खिळ्यावरचा पुठ्ठ्याचा हात काढून आणला, त्या मापावर मऊ कातड्याचा मोजा शिवला, मधल्या तीन बोटांत कापूस भरला आणि कापसात तांब्याची बारीक तार घातली, म्हणजे बोटं हवी तशी वाकवून ठेवता येतील.

“घाल,” वन्सं म्हणाल्या. “आणि आता रडू नकोस, कातड्याला डाग पडतो.”

तेव्हापासून वर्षाला दोन मोजे वन्सं शिवत आल्या. मोजा इतका बेमालूम असायचा की बसमधे तिकीट देणाऱ्याला कधी कळलं नाही. बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्तीला जायचा. तो म्हणायचा, “आमच्या ताईने देवाचं काम हातात घेतलंय. फक्त नखं तेवढी राहिली.” यावर त्याला दोघींकडूनही बोलणी बसत.

तिरंदाजीच्या मैदानाशी बाईंचा संबंध आला तो ऑर्डरमुळे. गावाबाहेरच्या जुन्या गोदामात एक क्लब चालायचा. त्यांना दोरी लागू नये म्हणून हाताला बांधायच्या कातडी पट्ट्या हव्या होत्या. मालकांनी नमुने देऊन बाईंना पाठवलं. गोदामात शिरल्यावर त्यांना पहिल्यांदा जाणवली ती शांतता. कारखान्यात बारा मशिनी एकदम बोलतात. इथे आठ माणसं एका रेषेवर उभी आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. मग आठ दोऱ्या सुटल्या. बाई एका माणसाच्या हाताकडे बघत होत्या. दोरी तीन बोटांनी ओढली जाते, हे त्यांना तेव्हा कळलं. अंगठ्याच्या शेजारची तीन. नेमकी तीच.

दुसरं कुणी असतं तर नमुने देऊन घरी आलं असतं. बाईंनी दाराशी लावलेला कागद वाचला. नवशिक्यांचा वर्ग तीन महिने. शेवटी चाचणी: अठरा मीटरवरून तीस बाण, तीनशेपैकी एकशेऐंशी गुण. पास होईल त्याला रेषेवर कायमची जागा आणि मागच्या भिंतीवर धनुष्य टांगायला स्वतःचा हूक. नापास होईल त्याचं नाव फेरचाचणीच्या प्रतीक्षा यादीच्या शेवटी, आणि यादी वर्षभराची. भिंतीवर हूक होते तीसेक, एक सोडून सगळे भरलेले. बाई त्या मोकळ्या हुकाकडे बघत राहिल्या. लग्न झाल्यापासून त्यांची म्हणावी अशी जागा घरातही नव्हती. कपाटाचा खालचा कप्पा होता, त्यातही वन्संची लोकर असायची. तो हूक आपला व्हावा असं त्यांना वाटलं, आणि एकदा वाटलं की बाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी नाव घातलं.

वर्ग सुरू व्हायला पंधरा दिवस होते. संध्याकाळी स्वयंपाकघरातली भांडी आवरून बाई ओट्यावर कातडं पसरून बसायच्या. डोक्यात होतं ते असं. मनगटाला रुंद पट्टा. पट्ट्यातून तळव्याकडे येणारी कातड्याची एक जीभ. ही जीभ दोरीभोवती घ्यायची, मागे दुमडायची आणि तिचं टोक अंगठ्याने तळव्याशी दाबून धरायचं. ओढायचं खांद्याने. निम्मा भार पट्ट्यावर, निम्मा अंगठ्यावर. अंगठा उचलला की जीभ सुटेल, दोरी सुटेल, बाण जाईल.

पहिली जीभ दोन दिवसांत बोटभर लांबली. बाईंनी ती उजेडात धरली आणि स्वतःवरच चिडल्या. मोज्याचं कातडं नेहमी असं कापतात की ते आडवं ताणलं जाईल, म्हणजे मूठ वळताना मोजा अडत नाही. बारा वर्षांच्या सवयीने त्यांनी जीभही तशीच कापली होती. जनावराच्या पाठीच्या कण्याला धरून कातडं सर्वांत कमी ताणतं, हे त्यांनीच किती जणींना शिकवलं असेल. दुसरी जीभ कण्याला धरून कापली, पण खरखरीत बाजू दोरीकडे राहिली; ती सुटेचना. तिसरी गुळगुळीत बाजूने, वर मेण घासून. ही बरोबर सुटली. घरात धनुष्य नव्हतं, म्हणून चाचणी खिडकीच्या गजाला बांधलेल्या सायकलच्या ट्यूबवर झाली. सुटलेली ट्यूब नवऱ्याच्या कानाजवळून गेली.

“मला सांगून तरी मारत जा,” तो म्हणाला.

एवढं सगळं अक्कलहुशारीने केलं, आणि मग बाईंनी मोजेवालीच करू शकेल अशी चूक केली. तो पट्टा आणि ती जीभ त्यांनी वन्संच्या मोज्यावर चढवली. मोज्याला पाच बोटं असतात. सहा बोटांचा मोजा कुणी बघितला नाही, तसा दोन बोटांचाही नाही. तारा वाकवून त्यांनी कापसाची तिन्ही बोटं दोरी धरल्यासारखी नीट वळवून ठेवली. लांबून कुणी बघितलं तर बाईंनी चारचौघांसारखीच दोरी धरली आहे असं वाटावं, म्हणजे कुणी काही विचारणार नाही.

आणि खरंच कुणी विचारलं नाही. क्लबचे सर साठीचे होते. बोलणं कमी, शिट्टी जास्त. लक्ष्यावरचा बाण रेषेच्या आत आहे की बाहेर ते त्यांना अठरा मीटरवरून कळायचं, हातातलं घड्याळ मात्र लांब धरून वाचावं लागायचं. चष्मा ते फक्त गुण लिहिताना लावत. पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, “हाताला त्रास आहे, मोजा लागतो.” सर म्हणाले, “लागू दे.” विषय संपला. ते उभे राहायचे पाठीमागे, चार पावलांवर. कोपर बघायचे, खांदा बघायचे. हातही बघायचे, पण त्यांना दिसायची ती वन्संची शिलाई.

बाण डावीकडे जाऊ लागले. सगळे नाहीत. एखादा मधे पिवळ्यात, पुढचा डावीकडे निळ्यात, त्याच्या पुढचा त्याहून डावीकडे पांढऱ्यात. कारण साधं होतं. जीभ स्वच्छ सुटायची, पण दोरी पुढे जाताना कापसाच्या बोटांना घासायची, आणि कापूस काही दर वेळी एकसारखा बसत नाही. सरांनी मागून बघितलं आणि पुढचे तीन महिने एकच गोष्ट सांगितली.

“बोटं सैल सोडा, बाई.”

“हो सर.”

“अजून आवळताय. दोरी सुटल्यावर बोटं तशीच वाकलेली राहतात. सैल. मेल्यासारखी.”

बाई “हो सर” म्हणायच्या आणि घरी येऊन तारा सरळ करायच्या. तारा सरळ केल्या की बोटं ताठ व्हायची आणि दोरीत अडकायची. परत वाकवल्या की ओरडा. एकदा त्यांनी थोडा कापूस काढला; ते बोट लोंबायला लागलं आणि सर खूश झाले. “आता मधलं बोट छान सुटतंय. इतर दोघांनी त्याच्याकडून शिकावं.” बाई घरी जाऊन आधी हसल्या. आपण आयुष्यात पहिल्यांदा काही शिकायला जातो आणि शाबासकी मिळते कापसाला, हे त्यांना लागलं. बाण डावीकडे जातात म्हणून सरांनी धनुष्यावरची नेम धरायची साइट सरकवत सरकवत डाव्या टोकाला नेऊन ठेवली, म्हणजे नेम आपोआप उजवीकडे धरला जाईल. तरी काही बाण मधे, बरेचसे बाहेर.

दोष कुठे आहे हे बाईंना कळलं नव्हतं असं नाही. दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. त्या तपासणीवाल्या होत्या. शिवण कुठे टोचते हे ओळखणं हेच त्यांचं काम होतं. बोटं कापून टाकली असती तर दोन मिनिटांचं काम. पण मग सर विचारणार, शेजारचे बघणार, आणि ‘कसं झालं’ला उत्तर द्यावं लागणार. त्यांनी ठरवलं, कापसासकट जमवू. कळतं पण वळत नाही, ते हे.

चाचणीच्या दिवशी रेषेवर सहाजण होते. दहा फेऱ्या, दर फेरीला तीन बाण आणि दोन मिनिटं. पहिल्या फेरीत बाईंचे दोन बाण अगदी बाहेरच्या पांढऱ्यात आणि एक त्याच्या आतल्या काळ्यात. दुसऱ्या फेरीत एक पिवळ्याला लागून लाल, बाकी दोन परत काळ्याच्या बाहेर. सहा बाणांचे गुण एकोणीस. शेजारी उभ्या असलेल्या बँकेतल्या कारकुनाचे झाले होते पंचेचाळीस. सर मागे येऊन उभे राहिले.

“बोटं सैल सोडा, बाई.”

बाईंनी मागच्या भिंतीकडे बघितलं. मोकळा हूक तिथेच होता. या गतीने तो मिळणार नाही हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नव्हती. वर्षभर यादीत, आणि वर्षाने परत हाच मोजा, हाच कापूस, हेच वाक्य. त्यांना एकदम सगळ्याचा कंटाळा आला. धैर्यबिर्य काही नव्हतं ते, कंटाळाच होता. पण कंटाळ्यानेही माणूस कधी कधी बरं काम करतो.

तिसऱ्या फेरीची शिट्टी झाली. बाईंनी धनुष्य स्टँडवर ठेवलं, पिशवीतून कातडं कापायची सुरी काढली आणि डाव्या हाताने मोज्याचं पहिलं बोट बुडापासून कापलं. मग दुसरं. तिसऱ्याची तार कापेना, ती त्यांनी पिळून तोडली. तीन बोटं रेषेवर पडली. एकातून कापूस बाहेर आला.

कारकुनाचा बाण खाली पडला. सर पुढे आले, वाकले, एक बोट उचललं आणि सवयीने लांब धरून बघितलं. मग खिशातून चष्मा काढून लावला.

“तीन महिने मी कुणाला शिकवत होतो?”

“कापसाला, सर.”

सरांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. अंगठा, मधे सपाट, शेवटी करंगळी. “कसं झालं हे?”

प्रश्न आला. बाईंना वाटायचं तितका तो मोठा नव्हता. तीन शब्दांचा होता. “प्रेसच्या बटणात कातड्याची घडी खोचून ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “जास्त जोड निघावेत म्हणून. माझीच युक्ती. माझाच हात.”

सरांनी घड्याळ लांब धरलं, मग डोळ्यावर चष्मा आहे हे आठवून जवळ घेतलं. “दीड मिनिट गेलं तुमचं. तीन बाण आहेत.”

ते तीन बाण घाईत गेले. तिन्ही उजवीकडे, निळ्याच्या कडेला. गुण चौदा. पण तिन्ही एकमेकांना खेटून होते, इतके की काढताना एकाबरोबर दुसरा हलत होता. सर लक्ष्यापाशी उभे राहून त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिले.

“साइट मधे आणा,” ते म्हणाले. तीन महिने डावीकडे सरकवलेली साइट त्यांनी स्वतःच मधे आणून घट्ट केली, आणि त्यानंतर बोटांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

पुढच्या सात फेऱ्या बाईंना नीट आठवत नाहीत. जीभ दोरीभोवती घ्यायची, दुमडायची, अंगठा ठेवायचा, खांद्याने ओढायचं, अंगठा उचलायचा. दोरी कशालाच न घासता जायची. तिचा आवाजसुद्धा बदलला होता. शेवटच्या फेरीत नऊ, आठ आणि नऊ.

सरांनी बेरीज दोनदा केली. “एकशेशहात्तर.”

बाईंनी मनगटाचा पट्टा सोडला.

“चार कमी. नियम नियम आहे. यादीच्या शेवटी नाव लिहा.”

कारकून म्हणाला, “सर, पहिले सहा बाण तर...”

“पहिले सहा बाणही बाईंनीच मारले,” सर म्हणाले. हे बाईंना पटलं. वाईट वाटलं, पण पटलं. त्यांनी डाव्या हाताने यादीत नाव लिहिलं. तो हूक त्याच दिवशी कारकुनाला मिळाला; पास झालेला तो एकटाच होता. निघताना सरांनी कापसाची तीन बोटं कागदात बांधून त्यांच्या हातात दिली, हरवलेली वस्तू परत करतात तशी.

घरी वन्सं मशिनीवर नव्या मोज्याला बोटं लावत होत्या. बाईंनी पुडी त्यांच्यासमोर ठेवली. वन्संनी ती उघडली, बोटं बघितली, मग बाईंचा हात बघितला. मशीन थांबली.

“सगळ्यांसमोर?”

“हो.”

“कुणी विचारलं?”

“विचारलं. सांगितलं. घडीचं पण.”

पाच वर्षांचे दहा मोजे, प्रत्येकाची तीन बोटं. एवढं शिवणारीला राग येणं साहजिक होतं, आणि तो आला. “पाच वर्षं मी शिवतेय. कधी म्हणालीस का, नको म्हणून?”

“तुम्ही एवढ्या मायेने शिवत होतात, वन्सं. कसं म्हणणार?”

“तोंडाने म्हणायचं. जीभ फक्त कातड्याचीच आहे का तुला?” वन्संनी हातातला मोजा बाजूला ठेवला. “किती कमी पडले?”

“चार. आता वर्षभर यादीत.”

वन्सं उठल्या. नवं माप दुसऱ्या दिवशी घेता आलं असतं, कारखान्यात पुठ्ठा ढीगभर होता. पण त्या कपाटाकडे गेल्या, खालच्या कप्प्यातली आपली लोकर उपसून खाटेवर टाकली आणि तळाशी अंथरलेला पुठ्ठा ओढून काढला. जुनं मापही त्यांच्याच डब्यात होतं, एकोणीस वर्षांच्या मुलीचं. दहाही मोजे त्याच मापावर झाले होते. बोटं गेल्यापासून त्या हाताचं माप कुणी घेतलंच नव्हतं, बाईंनीही नाही. दोघी हातमोज्यांच्या कारखान्यात, आणि हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

“ठेव,” वन्सं म्हणाल्या.

बाईंनी उघडा हात पुठ्ठ्यावर ठेवला. वन्संनी मनगटापासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. अंगठ्यावरून गेली, अंगठ्याच्या बेचक्यात उतरली आणि तिथून सवयीने वर चढली, बोटाच्या दिशेने. वन्सं थांबल्या. ती वरची रेष त्यांनी खोडली, पेन्सिल परत बेचक्यात आणली आणि बाईंच्या हाताला टेकवून, त्वचेला धरून, आडवी नेली. करंगळीपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. बाईंनी मान खाली घालून ठेवली, कारण वन्संना रडताना कुणी बघितलेलं आवडत नसे.

“हलू नकोस,” वन्सं म्हणाल्या. “वर्ष आहे ना? मग घाई नाही. नीट पसर हात.”

माप पुरं झाल्यावर त्यांनी खाली तारीख घातली आणि खिळ्याला टांगायला वर एक भोक पाडलं.